ज्याची तार त्यानेच वाचावी

तार आली तेव्हा मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. भर दुपार होती. नशिराबादला पोस्टाचा शिपाई रोज येतो, पण सायकलवरून न उतरताच टपाल टाकून पुढे जातो. त्या दिवशी तो उतरला, सायकल भिंतीला टेकवली आणि खाकी पिशवीतून सही घ्यायचं पुस्तक काढलं... माझ्या हातातलं सूप गळून पडलं. माझे यजमान समोरच बसून एका इंजिनाचे भाग रॉकेलने पुसत होते. लेक आत पाळण्यात झोपलेली होती. म्हणजे तारेने माझ्याकडून न्यावं असं माणूस माझ्या डोळ्यांसमोर सुखरूप होतं. तरी सही करताना टाक कागदात रुतला. "बाई, उघडता, की मास्तरांकडे नेऊ वाचायला?" शिपाई म्हणाला. मी मानेनेच नको म्हटलं.

मीच उघडली. 'फादर एक्स्पायर्ड मंडे मॉर्निंग पीसफुल'. खाली नाव नानांच्या लेकीचं, कुसुमताईंचं, मुक्काम धुळे. आमचे नाना गेले होते. पाच शब्दांची तार, आणि त्यातला एकही शब्द असा नव्हता, जो मला नानांनी शिकवला नव्हता.

नाना माझे नात्याने कोणी नव्हते. नशिराबादला येण्याआधी आम्ही जळगावात शनिपेठेत राहायचो, तिथे आमच्यापासून चार घरं सोडून ते राहत. तारखात्यात उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना 'तारवाले नाना' म्हणत. उंच, किंचित वाकलेले, डोळ्यांना जाड भिंगं. रस्त्यात कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकणारे. हो, नाना भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी जे काही मी गेल्या दीड महिन्यात ऐकलं, त्यात त्यांच्या धैर्याचं फार कौतुक होतं. त्यांना ते आवडलं नसतं.

महायुद्ध सुरू झालं आणि आमच्या यजमानांना लष्करात मोटार-मिस्त्रीचं काम लागलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ते गेले आणि काही महिन्यांनी घरी पहिला सरकारी कागद आला. इंग्रजी. मी मराठी सहावी शिकलेली, पण इंग्रजीचं एक अक्षर ठाऊक नाही. सासूबाईंनी तो कागद हातातही घेतला नाही. मी तो पदराखाली लपवून पेठेतल्या एका वकिलाच्या कारकुनाकडे गेले. दारात सातआठ माणसं बसलेली. कारकुनांनी पान जमवलं, तोंडात ठेवलं, कागद वर धरला, मग खाली धरला, आणि सगळं मनात वाचून काढलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभी. त्यांची भुवई हलली की माझं काळीज हलायचं. मग ते बाकीच्यांना म्हणाले, "काही नाही, पलटणीचा पत्ता बदललाय." म्हणजे दारातल्या सगळ्यांना सांगितलं. मला नाही. मी परत निघाले, आणि नानांच्या ओट्यापाशी माझे पाय गेले. मी तिथेच बसले आणि रडायला लागले.

नाना आतून पाणी घेऊन आले. काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "पुढचा कागद यायच्या आत तुला वाचता आलं पाहिजे."

"मला? इंग्रजी?"

"ज्याची तार त्यानेच वाचावी. आधी त्याने. मग जगाने." हे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, म्हातारपण.

घरी सांगितलं तर सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "अगं, तू वाचायला शिकलीस की तार येईल! तिला ठाऊक असतं कुठे वाचणारं माणूस आहे ते." आज हे वाचून कोणी हसेल. तेव्हा पेठेत कोणी हसत नव्हतं. ज्यांची पोरं लढाईवर होती अशा घरांमध्ये पोस्टाच्या शिपायाची घंटा वाजली की बायका दार लावून घेत. जणू दार बंद असलं तर बातमी परत जाईल. नानांच्या वर्गाला बायका जमू लागल्या तेव्हा काही जणी त्यांच्या घरासमोरून जाताना पदर तोंडाशी धरून घाईघाईने जात. मीही पहिले आठ दिवस लपूनछपून गेले... सासूबाईंना भिऊन आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासारखीच तारेलाही भिऊन.

आम्ही सात-आठ जणी होतो. सगळ्यांची नावं आता आठवत नाहीत, पण दोघी मी जन्मात विसरणार नाही. एक फातमाबी. त्यांचे मालक कापूस पिंजायचे, मुलगा युसुफ शिपाई म्हणून गेलेला. दुसऱ्या जनाक्का, एरंडोलकडच्या शेतकरणी. लेक पलटणीत गेल्यापासून जळगावात बहिणीकडे येऊन राहिलेल्या, कारण पत्र शहरात लवकर पोचतं असं त्यांना कोणी सांगितलं होतं. मी मराठी बोलणारी, जनाक्का अहिराणी, फातमाबी उर्दू. नाना कोणाला कोणाच्या भाषेवरून टोकत नसत. फातमाबींना कुराण वाचता यायचं, त्यामुळे त्यांचं बोट आपोआप उजवीकडून निघायचं. नानांनी पाटीवर 'कमिंग होम' लिहिलं की त्या 'होम कमिंग' वाचायच्या. "असू द्या, फातमाबी," नाना म्हणायचे, "कुठूनही निघालात तरी घरीच पोचताय." जनाक्कांना डब्ल्यू म्हणता येईना. त्या त्याला 'जोडचुल्हा' म्हणत, आणि महिनाभरात आम्ही सगळ्याच म्हणू लागलो.

बाराखडीसारखी एबीसीडी पाठ करून घेणं नानांना मान्य नव्हतं. ते आम्हाला तारा पाठवायचे. खरोखरच. कागदाच्या लांबट चिठ्ठ्या कापून त्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजी मजकूर लिहायचे, घडी घालून वर एकेकीचं नाव घालायचे आणि गुरुवारी आम्ही आलो की वाटायचे. पहिल्या पहिल्या वेळी ती घडी हातात घेतानाही बोटं थरथरायची. आत काय असायचं? 'बफेलो गेव्ह बर्थ, बोथ वेल.' नाहीतर, 'युवर बांगडी इज इन माय हाऊस, कम अँड टेक.' जनाक्कांनी म्हैस व्यायल्याची तार दोन शब्दांवर अडत, तिसऱ्यावर ठेचाळत वाचून काढली आणि शेवटी ओरडल्या, "दोन्ही चांगला शेतस!" तेव्हा आम्ही इतक्या हसलो की समोरच्या घरातून कोणी डोकावलं. नाना तसे तारांच्या घड्या मुद्दाम हाताळायला लावत होते, हे मला फार नंतर कळलं. भीती हाताला सवयीची व्हावी म्हणून.

मग सिंगापूर पडलं, आणि यजमानांची पलटण तिकडेच होती. माझ्या यजमानांची पत्रं थांबली. तीन महिने काही नाही, आणि मग एका सकाळी खरा कागद आला. मी तो चुलीपाशी बसून वाचला. एक-एक अक्षर जोडत, घामाने भिजत. बाकीचं अर्धंमुर्धं कळलं, पण मधोमध एक शब्द होता, 'मिसिंग'. तो नानांनी शिकवला नव्हता. मी तशीच अनवाणी त्यांच्याकडे धावले. "नाना, मिसिंग म्हणजे?"

त्यांनी कागद हातात घेतला नाही. माझ्या हातातच पाहिला. "हरवलेला. सापडत नाही असा. गेलेला नव्हे, पोरी... हरवलेला."

सासूबाईंनी मला दोष द्यायचा तो दिलाच. "शिकलीस, आणि आली बघ." पण चार-पाच दिवसांनी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, म्हणाल्या, "कोणता गं तो शब्द? दाखव." मी दाखवला. त्यानंतर रोज देवापुढे दिवा लावून झाला की त्या कागद उघडत आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून बसत. बाकी एकही अक्षर त्यांना कधी आलं नाही. तो शब्द मात्र त्या हजारांतून ओळखायच्या.

अशीच वर्षभर भीती अंगावर घेऊन आम्ही वाचत होतो. आणि मग एका गुरुवारी जनाक्कांनी नानांना अडवलं. कोणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं की माणूस गेल्याची तार एका ठरावीक शब्दाने सुरू होते. "तो शबद माले शिकाडा, नाना. आम्हले बठ्ठं शिकाडं, तोच का बरं नही?"

नानांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "पुढच्या वेळी."

"पुढला येळले तार उनी तर?"

नानांनी भिंगं काढली, पुसली, पुन्हा लावली, आणि मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. मागच्या लढाईत ते तरुण होते, तालुक्याच्या ठिकाणी तारकचेरीत. पद्मालयाकडच्या एका खेड्यातली विधवा, बायजाबाई, तिचा एकुलता मुलगा बसऱ्याकडे गेला होता. त्याची तार आली. ती नानांनीच यंत्रावर उतरवून घेतली होती. बायजाबाई समोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मना आंडोर जित्ता शे ना?" आणि नाना घाबरले. तार मुलगा गेल्याची होती, पण त्या बाईच्या डोळ्यांत पाहून ते शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. ते म्हणाले, "जिवंत आहे, मावशी. दवाखान्यात आहे. बरा होतोय."

"मला वाटलं, दोन दिवसांनी धीर गोळा करून सांगेन," नाना म्हणाले. "दोन दिवसांनी ती आली तर गणपतीला नवस बोलून आली होती. मग दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. मी दर वेळी थोडा अधिक बरा करत गेलो तिच्या पोराला. ताप उतरला, जेवू लागला, काठी घेऊन चालू लागला... सगळा हिवाळा. मग सरकारी माणूस कागदपत्रं घेऊन गावात गेला, आणि तिला कळलं."

ती रडली-ओरडली नाही म्हणे. कचेरीत आली, खिडकीपाशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माले डोळा नव्हतात, म्हनीसन मी तुनाकडे उनू, भाऊ. तू माले आखो आंधळी करी टाकं."

"आणखी आंधळी," नाना स्वतःशीच म्हणाले आणि उठले. पाटीवर त्यांनी तो शब्द लिहिला, 'रिग्रेट'. अक्षरं वेडीवाकडी आली. "याचा अर्थ, कळवायला वाईट वाटतं," ते म्हणाले. "लिहून घ्या." आम्ही लिहून घेतला.

पण माझी खरी भीती घरी गेल्यावर सुरू झाली. मी जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. मला 'मिसिंग'चा अर्थ कोणी सांगितला होता? नानांनी. धावत, रडत, अनवाणी गेलेल्या पोरीला. तेच नाना, ज्यांना वाईट बातमी सांगवत नाही... म्हणजे वर्षभर सासूबाई ज्या शब्दावर बोट ठेवून बसत होत्या तो शब्द काय होता? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. मी विचारायच्या आतच त्यांनी ओळखलं. आत गेले, जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून बाजूला झाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," म्हणाले. "शोध."

मी तोपर्यंत कोश कधी उघडला नव्हता. एम शोधला, मग आय, मग एस. पानं चिकटलेली होती, आणि माझी बोटं ओली होती. एकदा पुढे गेले, एकदा मागे आले. नाना पाठ करून खिडकीशी उभे होते. एखादा आरोपी निकालाची वाट पाहत असावा तसे. शेवटी शब्द सापडला. समोर मराठीत छापलं होतं, 'हरवलेला, बेपत्ता'. मी ते मोठ्याने वाचलं. नाना वळले नाहीत. त्यांचे खांदे तेवढे खाली आले.

फातमाबींची तार त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आली, गुरुवारीच, आम्ही वर्गात असताना. शिपाई त्यांच्या घरी जाऊन मग इकडे आला होता. फातमाबींना तार हातात न देता तो नानांपुढे धरून उभा राहिला, जुन्या सवयीने. नाना मागे सरले. पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरले. क्षणभर मला खात्री वाटली की ते तार घेतील, उघडतील आणि म्हणतील, बरा आहे.

"माझ्या नावाची नाही ती," नाना म्हणाले. "ज्यांची त्यांना द्या."

फातमाबींनी सही केली. इंग्रजीत, नानांनी शिकवली होती तशी. घडी उघडली. त्यांचं बोट कागदावर टेकलं, आणि भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, ते उजवीकडे टेकलं. "ॲक्शन," त्या म्हणाल्या. मग, "इन." बोट डावीकडे सरकलं. "कि... किल्ड." पुढचं नाव त्यांना जोडावं लागलं नाही. "युसुफ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्याच्याही आधी 'रिग्रेट' होता, पण त्या तिथपर्यंत गेल्याच नाहीत.

त्यांनी मान वर करून नानांकडे पाहिलं. "मैंने बराबर पढा ना, नाना?"

नानांच्या ओठांची हालचाल दिसली, आवाज नाही. दुसऱ्यांदा आला. "बराबर पढा, बहन."

मग त्या पडल्या. जनाक्कांनी त्यांना मांडीवर घेतलं. शिपायाने टोपी काढली आणि तो तसाच दारात उभा राहिला.

आम्हाला वाटलं, वर्ग संपला. पाच गुरुवार कोणीच गेलं नाही. मी सासूबाईंजवळ बसून राहायची, आणि घंटा वाजली की दोघी एकमेकींचा हात धरायचो. पण युसुफचा चाळिसावा झाल्यावर फातमाबी स्वतः नानांच्या दारात आल्या. म्हणाल्या, वाचायला आलं, आता लिहायला शिकवा. "साहब को पूछना है, मेरा बच्चा किधर सोया है. इतनाच." त्या एका वाक्यासाठी त्या तीन महिने शिकल्या. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, नानांनी एक अक्षर दुरुस्त केलं नाही. उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागलं. ब्रह्मदेशात, आराकानातल्या एका टेकडीचं नाव होतं त्यात. फातमाबी ते नाव जपमाळेसारखं म्हणत. अजूनही म्हणतात.

जनाक्कांचा लेक लंगडत का होईना, परत आला. आणि लढाई संपल्यावर माझ्याकडे तार आली, मद्रासहून. तीही मी भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून उघडली. 'अराइव्ड सेफ कमिंग होम.' मी धावत नानांकडे गेले. ते म्हणाले, "मला दाखवू नकोस. आधी सासूला वाचून दाखव." सासूबाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात मिसिंग कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही आई. यात तो नाही."

पुढे नाना धुळ्याला लेकीकडे गेले. डोळे जात चालले होते. गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले, तीच शेवटची भेट. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. देशात चोहीकडे दंगलींच्या बातम्या होत्या. एक-दोन ठिकाणी मी वाक्यं गाळली. ते म्हणाले, "वत्सला, गाळू नकोस." मग म्हणाले, "मला भीती वाटते. पण वाच."

तेराव्याला जमलं नाही. आठ दिवस उशिरा धुळ्याला पोचले. कुसुमताईंनी मला नानांच्या खोलीत नेलं. दिसेनासं झाल्यावरही नानांनी शिकवणं सोडलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांनी गेरूने भिंतीवरच लिहायला सुरुवात केली होती, हात-हात उंच. ओळी उतरणीला लागलेल्या, एक शब्द दुसऱ्यावर चढलेला. गल्लीतल्या सुना, पलीकडच्या मोमीन वस्तीतल्या मुली, ज्यांना शिकायचं त्या यायच्या. "आता चुना मारून घेतेय," कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याच्याने बघवत नाही."

चुना द्यायला एक भिल्लीण मजुरीवर आली होती. तीन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. चौथीसमोर ती कुंचा हातात धरून उभी होती, आणि कुंच्यातून चुना टपटप खाली गळत होता.

"का गं, थांबलीस?" कुसुमताईंनी विचारलं.

ती आमच्याकडे वळली. "बाई, हाई काय लिखेल शे? माले वाचता येत नही. न वाचता पुसाले भ्याव वाटस."

कुसुमताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढे झाले, तिच्या हातातला कुंचा काढून बादलीत ठेवला, आणि चुन्याने माखलेलं तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर टेकवलं.